दोन नोंदींचे आयुष्य

प्रत्येक गावच्या चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद एका वहीत ठेवावी, असा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 साली काढला आणि त्यामुळे, ज्यांच्या नावे ना सनद झाली ना मृत्युपत्र, अशा असंख्य सामान्य जनांची नावे इंग्लंडच्या दफ्तरी कायमची दाखल झाली. विल्यम शेक्सपिअरचा एकुलता एक पुत्र हॅम्नेट हा त्यांपैकीच एक होय.

स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चच्या वहीत त्याच्या नावे दोनच नोंदी आढळतात: 2 फेब्रुवारी 1585 रोजी ज्युडिथ या जुळ्या बहिणीसह झालेला बाप्तिस्मा आणि 11 ऑगस्ट 1596 रोजी झालेले दफन. उपलब्ध वहीही अस्सल नव्हे. जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घ्याव्यात असे पुढे फर्मान सुटल्यावर तयार झालेली ती नक्कल आहे, आणि म्हणून अकरा वर्षांच्या अंतराने घडलेले ते दोन्ही प्रसंग एकाच कारकुनी वळणाच्या अक्षरात शांतपणे नांदताना दिसतात.

जुळ्यांची नावे हॅम्नेट व ज्युडिथ सॅडलर या गावातीलच स्नेही दांपत्यावरून ठेवली गेली असावीत. 1616 च्या मृत्युपत्रात शेक्सपिअरने या हॅम्नेट सॅडलरला अंगठीसाठी रक्कम ठेवली, यावरून तो स्नेह अखेरपर्यंत टिकल्याचे दिसते. मुलाच्या मृत्यूच्या कारणाविषयी मात्र चर्चची वही मौन पाळते. याच वहीत 1564 च्या जुलैमध्ये, येथे प्लेगला प्रारंभ झाला, असा लॅटिन शेरा आहे. पण हॅम्नेटच्या नावापुढे तो अमक्याचा पुत्र, एवढेच लिहिले आहे. 1594 आणि 1595 या लागोपाठ वर्षी गावात आगी लागल्या, पिके बुडाली, धान्य महागले, ही परिस्थिती खरी. परंतु तिच्यावरून एका बालकाचे मरण सिद्ध होत नाही. आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या भाषांतरामुळे मराठीत परिचित झालेल्या शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाशी या नावाचे साम्य पाहून पुत्रशोकाचा तर्क लढवणाऱ्यांनीही, ते कथानक मूळचे जुन्या डॅनिश आख्यायिकेतले आहे, हे विसरू नये.

निर्विवाद आहे ते इतकेच, की दफनानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, 20 ऑक्टोबर 1596 रोजी, वंशपरंपरेने चालावयाचे कुलचिन्ह हॅम्नेटच्या आजोबांना बहाल झाले. चर्चची वही आणि कुलचिन्हाचा मसुदा हे दोन दस्तऐवज शेजारी ठेवले म्हणजे, जे दोघांपैकी एकातही लिहिलेले नाही ते, त्या घराने काय गमावले हे, तारखांच्या केवळ क्रमावरून कळते.