आपला संघ कोणता?

काशीच्या ब्रह्माघाटावर मराठी वस्ती अठराव्या शतकापासूनची. घरात मराठी, गल्लीत बनारसी, आणि यात कुणाला अडचण वाटत नाही. अडचण क्रिकेटची. रणजी करंडक १९३४ साली सुरू झाला तो प्रांतांचा, संस्थानांचा. भाषेला तिथे संघ नाही. पत्त्याप्रमाणे इथल्या मराठी माणसाचा संघ उत्तर प्रदेश. त्याने करंडक एकदाच जिंकला, २००५-०६ मध्ये. मुंबईच्या खात्यावर २०२२ च्या हंगामाआधी ४१ विजेतेपदे होती.

जून २०२२ मध्ये हे दोन संघ उपांत्य सामन्यात समोरासमोर आले. मुंबईसाठी १०० आणि १८१ धावा काढल्या यशस्वी जयस्वालने. तो काशीशेजारच्या भदोही जिल्ह्यातला, क्रिकेटसाठी लहानपणीच मुंबई गाठलेला. आता वाद घालायचा कसा? ‘आपला पोरगा’ म्हणावे तर तो पलीकडच्या संघात. ‘आपली मुंबई’ म्हणावे तर आपले नाव बनारसच्या मतदारयादीत. पहिल्या डावातल्या आघाडीवर मुंबई पुढे गेली.

अंतिम फेरीत गुंता वाढला. समोर मध्य प्रदेश, म्हणजे इंदूरच्या मराठी घरांचा संघ. होळकर संघाने शेवटचा करंडक १९५२-५३ मध्ये जिंकला, त्यानंतर तिकडे दुष्काळच. प्रशिक्षक मात्र चंद्रकांत पंडित, अस्सल मुंबईकर. याच चिन्नास्वामी मैदानावर १९९८-९९ चा अंतिम सामना ते मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून कर्नाटकाकडून हरले होते. या वेळी त्यांच्या संघाने मुंबईला सहा गडी राखून हरवले.