मजबूत सरकारने तुरुंग दिला, मजबूर सरकारने कायदा

२०२४ च्या निवडणुकीत भाजप २४० जागांवर थांबला आणि सरकार मित्रपक्षांच्या टेकूवर आले. तेव्हापासून आपल्या बैठकांमध्ये एक वाद वारंवार ऐकू येतो. काहीजण म्हणतात, सरकार कमजोर झाले आहे, आता विरोधकांनी त्याला हात लावायचा नाही, पडते तर पडू द्यायचे. दुसरे म्हणतात, देशाला स्थैर्य हवे, लोकांच्या कामापुरते सहकार्य करायला काय हरकत आहे? दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते तावातावाने बोलतात. पण सरकार मजबूत होते तेव्हा त्याने आपल्याला काय दिले होते, हा साधा प्रश्न कोणी विचारत नाही. तो विचारायचा तर १९६४ पर्यंत मागे जावे लागेल.

त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाने लालबहादूर शास्त्रींच्या सरकारपुढे दहा मागण्या ठेवल्या. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, कसणाऱ्याला जमीन द्या, पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन कायदा अमलात आणा, नोकऱ्यांमधला राखीव कोटा पूर्ण भरा, आणि बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना पूर्वीच्या सर्व सवलती द्या, अशा त्या मागण्या होत्या. ६ डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह झाला. चळवळीच्या हिशेबाने तीन लाखांवर माणसे तुरुंगात गेली. बाया कडेवर लेकरे घेऊन गेल्या. हा आकडा आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवा.

समोरचे सरकार कसे होते? १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसचे ३६१ खासदार आले होते. रिपब्लिकन पक्षाचे तीन. नेहरू नुकतेच गेले होते, पण आकड्यांच्या बळावर शास्त्रींच्या सरकारला कोणाची गरज नव्हती. पडीक जमिनीचे काही पट्टे वाटले गेले. १९६७ मध्ये संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. पुतळा अंगणात आला, तैलचित्राला मात्र आतल्या भिंतीवर जागा मिळाली नाही. बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न तर तसाच लोंबकळत राहिला.

हा प्रश्न काय होता ते आजच्या पोरांना सांगावे लागते. अनुसूचित जातींची यादी ठरवणारा राष्ट्रपतींचा आदेश १९५० चा. तो मुख्यतः हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, ते केंद्राच्या लेखी त्या यादीबाहेर गेले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्यापुरत्या सवलती मिळाल्या. पण केंद्राची नोकरी, रेल्वे, टपाल, बँक म्हटले की दाखल्यावर हिंदू असणे भाग होते. म्हणून घरात बुद्धवंदना आणि शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, असे दुहेरी आयुष्य एक अख्खी पिढी जगली. जनगणनेत बौद्धांची संख्या कमी का दिसते, याची चर्चा करताना हा दाखला विसरू नये.

आणि हा अन्याय दूर करायला घटनादुरुस्ती लागत नव्हती. कलम ३४१ प्रमाणे संसदेने साध्या बहुमताने कायदा केला की काम झाले. इंदिरा गांधींकडे १९७१ ला ३५२ खासदार होते. राजीव गांधींकडे १९८४ नंतर चारशेच्या वर होते. मनात असते तर एका दुपारचे काम होते. ते झाले नाही, कारण दलितांची मते न मागता मिळत होती आणि रिपब्लिकन गटांचे पुढारी एकेका जागेवर समाधानी होते. १९६७ चा काँग्रेस-रिपब्लिकन समझोता त्याच वाटेवरचा पहिला मोठा टप्पा. दादासाहेबांच्या त्यागाबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण त्या समझोत्याने पक्षाची सौदा करण्याची ताकद खर्ची पडली, असे माझे मत आहे.

डिसेंबर १९८९ मध्ये व्ही. पी. सिंगांचे सरकार आले. जनता दलाचे खासदार जेमतेम १४३. बाहेरून एका बाजूने भाजपचा टेकू, दुसऱ्या बाजूने डाव्यांचा. एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोन पक्ष एकाच सरकारला धरून उभे होते. स्वतंत्र भारताने तोवर पाहिलेल्या सर्वात लुळ्या सरकारांपैकी हे एक. याच सरकारने १२ एप्रिल १९९० ला मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावले. त्याच वर्षी मरणोत्तर भारतरत्न दिले, ते माईसाहेबांनी स्वीकारले. आणि त्याच वर्षी कायदा करून अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश केला. १९६४ च्या यादीतल्या दोन मागण्या सहा महिन्यांत मान्य झाल्या, त्यासाठी त्या वर्षी कोणाला तुरुंगात जावे लागले नाही. रामविलास पासवान मंत्रिमंडळात होते, जन्मशताब्दी तोंडावर होती, उत्तर प्रदेशात कांशीरामजींचा हत्ती चालू लागला होता. आपला पाया शोधणाऱ्या कमजोर पंतप्रधानाला आपली गरज होती. ‘मजबूत नको, मजबूर सरकार हवे’ असे कांशीरामजी म्हणत ते उगाच नाही.

बाबासाहेबांनीही हे जाणले होते. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले तेव्हा जपानी फौजा ब्रह्मदेशात होत्या, ऑगस्टपासून काँग्रेसचे पुढारी तुरुंगात होते, इंग्रज अडचणीत होता. त्यांना इंग्रजधार्जिणे म्हटले गेले, आजही म्हटले जाते. पण त्यांनी ऑक्टोबरमध्येच अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयपुढे ठेवले आणि १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखीव करून घेतल्या. खुर्चीवर बसल्यावर काही महिन्यांत कागद पुढे होता, हे महत्त्वाचे.

आता दुसरी बाजू. १९९० ची किंमतही मोजावी लागली. ७ ऑगस्टला मंडल आयोग लागू करण्याची घोषणा झाली आणि टेकू देणाऱ्यांचे खरे रूप दिसले. २५ सप्टेंबरला सोमनाथहून रथ निघाला, ऑक्टोबरमध्ये भाजपने पाठिंबा काढला, ७ नोव्हेंबरला सरकार ३४६ विरुद्ध १४२ मतांनी पडले. त्या ३४६ मध्ये काँग्रेस आणि भाजप एकत्र होते. कट्टर विरोधक सहकार्य करत नाहीत असे कोण म्हणते? मंडल आल्यावर त्यांना एकमेकांची अडचण वाटली नाही. पुढच्या निवडणुकीत भाजप ८५ वरून १२० वर गेला. तरीही मंडलचा आदेश गुंडाळून ठेवण्याची हिंमत पुढच्या कोणत्याही सरकारला झाली नाही, आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २७ टक्के कायम केले. सरकार अकरा महिने टिकले. बौद्धांचा कायदा आणि ओबीसींचे आरक्षण अजून आहे.

पण सगळीच कमजोर सरकारे असे देतात, असे समजायचे कारण नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगायला नको. जुलै १९७८ मध्ये शरद पवारांचे पुलोद सरकार, तेही कडबोळेच, नुकतेच आले होते. २७ जुलैला दोन्ही सभागृहांत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. मुंबईत पक्षांचे मतभेद नव्हते. गावात मात्र आपल्या वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळेंना जीव गमवावा लागला, आणि सरकारने कच खाल्ली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षे! सभागृहातले सहकार्य हा ठराव होता, कायदा नव्हता, आणि तो गावापर्यंत नेण्याची जबाबदारी एकाही पक्षाने आपल्या कार्यकर्त्यांवर टाकली नव्हती. १९९० च्या कायद्याला गावातल्या पाटलाची परवानगी लागत नव्हती, दाखला तहसीलमधून मिळत होता. फरक हा आहे.

म्हणून सहकार्य करावे की नाही हा वाद मला अपुरा वाटतो. कशासाठी, कोणत्या कागदावर आणि किती दिवसांत, हे आधी ठरले पाहिजे. आणि १९६४ च्या यादीतली जमीन अजून बाकी आहे. तैलचित्राने कोणाचे एक एकर गेले नाही, म्हणून ते सोपे होते. जमिनीसाठी कमजोर सरकारही सहज तयार होणार नाही.

आपल्या हातात एकदा मोठी संधी होती. १९९८ मध्ये काँग्रेसशी युती करून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चार रिपब्लिकन खासदार लोकसभेत गेले, तेही चौघे सर्वसाधारण मतदारसंघांतून. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मताने पडले. २७० विरुद्ध २६९. त्या दिवसाच्या कथेत गमांग आणि सोझ यांची नावे येतात, मायावतींची येते. आपल्या चार मतांच्या बदल्यात कोणता कायदा मागितला होता, हे मी अनेक जुन्या कार्यकर्त्यांना विचारले आहे, एकानेही नाव सांगितले नाही. त्याच वर्षी पुन्हा निवडणूक झाली आणि चौघांपैकी दोघेच लोकसभेत परत गेले.