लोखंडाची पकड

भूगोलाच्या पुस्तकात नंदिनीनगरची ओळख एका ओळीत उरकते. भिलाईच्या पोलाद कारखान्यास चुनखडी पुरविणाऱ्या खाणींची वसाहत, एवढेच तिच्याविषयी सांगितले जाते. भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. राजहऱ्याच्या डोंगरातून खनिज आले आणि नंदिनीच्या खाणीतून चुनखडी. खनिजात लोहाबरोबर वाळूसारखी गाळसाळ असते. भट्टीच्या उष्णतेत चुनखडीचा चुना होतो, तो त्या गाळसाळीशी संयोग पावून तिची मळी करतो, आणि ही मळी वितळलेल्या लोखंडावर सायीसारखी तरंगू लागते. मग ती वेगळी काढता येते. चुनखडी लोखंडात उरत नाही. पण तिच्यावाचून लोखंड हाती येत नाही. अशा निरलस, अनामिक द्रव्याच्या गावी राहणाऱ्या माणसाला यंत्रांतल्या दुय्यम मानल्या गेलेल्या एका अवजाराविषयी आस्था वाटावी, हे मला तरी स्वाभाविक वाटते.

श्रोतेहो, ते अवजार म्हणजे मिलिंग मशीनवरचा व्हाइस. मिलिंग मशीनमध्ये दातेरी कटर जागच्या जागी फिरतो आणि टेबलावर बांधलेले काम त्याच्याखालून सरकते. ते काम ज्या दोन जबड्यांत धरून ठेवायचे, तो हा व्हाइस. खाणीत किंवा कारखान्यात फिटर म्हणून हयात घालविलेला एखादा गृहस्थ निवृत्तीनंतर घरामागच्या पडवीत लहानसे मशीन मांडतो. ग्रॅच्युइटीचा मोठा भाग मशीनवर गेलेला असतो. व्हाइससाठी उरतात ते थोडे पैसे, आणि तेथेच मन कचरते. मशीन ऐटदार असले म्हणजे झाले, पकड काय, कोणतीही चालेल, असा सल्ला देणारे स्नेहीही भेटतात. हा सल्ला चुकीचा का, हे समजून घेण्यासाठी थोडे इतिहासात शिरावे लागेल.

आपल्या कारागिराचा पहिला व्हाइस म्हणजे त्याचे स्वतःचे पाय. जमिनीवर बसून, पायांच्या तळव्यांत आणि बोटांत लाकूड धरून रंधा मारणारा सुतार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. लोहार सांडशीने तापलेले लोखंड ऐरणीवर धरतो. ही जिवंत पकड आहे. काम हलले की हात त्याला जाणतो आणि सावरतो. या पकडीवर आपल्या देशात अप्रतिम वस्तू घडल्या, यात शंका नाही. परंतु हात जेथे सावरू शकत नाही असे यंत्र आले, तेव्हा या कौशल्याला मर्यादा पडली.

मळसूत्राने आवळायची पकड युरोपात सोळाव्या शतकापासून दिसू लागते. लोहाराच्या शाळेतील लांब पायाचा व्हाइस हातोड्याचे घाव सोसण्यासाठी होता आणि फिटरच्या बाकावरचा व्हाइस कानशीसाठी. दोघांनाही मापाची फारशी पर्वा नव्हती. माप कारागिराच्या हातात होते. हेन्री मॉडस्ले याने अठराव्या शतकाच्या अखेरीस लेथवर अचूक आटे पाडून दाखविले. त्याच्या कारखान्यात शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये सपाट पृष्ठभाग कसा घडवावा याची रीत विद्वानांपुढे मांडली. तीन पत्रे घ्यावेत, त्यांची आळीपाळीने एकमेकांशी गाठ घालावी, उंचवटे खरवडावेत. दोनच पत्रे घेतले तर एक खोलगट आणि दुसरा फुगीर होऊनही ते एकमेकांत चपखल बसतील. तिसरा आला की लबाडी उघडी पडते. इतकी साधी आणि इतकी निरुत्तर करणारी युक्ती यंत्रविद्येत क्वचितच सापडेल. व्हाइसच्या तळाचा सपाटपणा हा याच विचाराचा वारस आहे.

मिलिंग मशीनचा जन्म मात्र बंदुकीच्या कारखान्यात झाला. एली व्हिटनेच्या नावावर १८१८ च्या सुमाराचे पहिले मिलिंग मशीन पुष्कळ दिवस सांगितले जात असे. पुढे संशोधकांनी सायमिअन नॉर्थ आणि इतर अमेरिकन बंदूककारांचे श्रेय पुढे आणले. एका बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीत बसला पाहिजे, ही त्या काळची गरज. १८६१-६२ मध्ये प्रॉव्हिडन्स येथील जोसेफ ब्राऊन याने, गोल भोके पाडणाऱ्या ड्रिलचे नागमोडी खाचे कातण्यासाठी, सर्व बाजूंनी वळणारे मिलिंग मशीन तयार केले. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होते. कानस चालविणाऱ्याचा दाब कमीजास्त होतो. कटरचे तसे नसते. त्याचा प्रत्येक दात कामावर आदळतो आणि ठोका देऊन पुढे जातो. असे शेकडो ठोके मिनिटाला बसत असता काम जागेवरून कणभरही हलू नये, ही अपेक्षा व्हाइसपासून प्रथम तेव्हा केली जाऊ लागली. आणि हलले तर? कटर मोडतो, काम वाया जाते, आणि सुटलेला तुकडा माणसाच्या अंगावर येतो.

महाराष्ट्रात या विद्येचे पाऊल उमटले ते थोडे वाकड्या वाटेने. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हावयास मुंबईस गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत असे दिसून आल्यावर ते यांत्रिक रेखनाकडे वळले. बेळगावात १८८८ मध्ये सायकलींचे दुकान निघाले, मग कडबा कापण्याचे यंत्र आले, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची चणचण पडली तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी किल्ल्यांवरील जुन्या तोफा वितळविण्यास दिल्याची आठवण सांगितली जाते. तोफांचे नांगर झाले! पुढे १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशी यंत्रे दुर्मिळ झाली असता, किर्लोस्करांनी हरिहर येथे लेथ बनविण्याचा कारखाना काढला. यंत्रे बनविणारी यंत्रे आपण बनवावीत, ही आकांक्षा स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्सच्या रूपाने सरकारी धोरणातही उतरली. भिलाई ही त्याच धोरणाची दुसरी बाजू. लोखंड नसेल तर लेथ कशाचा करावयाचा?

तथापि घरगुती यंत्रशाळेचे उदाहरण हवे असेल तर मी कोल्हापूरच्या पेंटर बंधूंकडे बोट दाखवीन. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले. चलच्चित्राचा कॅमेरा आपणच बनवावा असे दोघांच्या मनाने घेतले. १९१६ मध्ये आनंदरावांचा मृत्यू झाला. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साह्याने कॅमेरा पुरा केला, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. या कॅमेऱ्याच्या कामातली अडचण सांगितल्याशिवाय त्याची थोरवी कळत नाही. फिल्मच्या कडेला भोके असतात. एका भोकापासून दुसरे सुमारे पावणेपाच मिलिमीटरवर, आणि एका चित्राला चार भोके. फिल्म दर सेकंदाला अनेक वेळा पुढे सरकून थांबते, आणि प्रत्येक वेळी तिने त्याच जागी थांबावयाचे असते. सरकवणारा भाग केसभर चुकला तर तीच चूक पडद्यावर शेकडो पट मोठी होऊन चित्र थरथरू लागते. मोठा कारखाना पाठीशी नसता हे साधले. लहान यंत्रशाळेला हिणविणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

आता निवडीकडे वळू. पहिली चूक होते ती आकारात. मोठ्या व्हाइसचा मोह अनावर असतो. पण सहा इंची, म्हणजे दीडशे मिलिमीटर जबड्याचा चांगला व्हाइस तीस-पस्तीस किलो भरतो. तो मध्यम कारखान्याच्या मशीनला शोभतो. पडवीतल्या लहान मशीनच्या टेबलावर तो चढविला की टेबल पुढेमागे सरकण्यास जागा उरत नाही, कटर आणि काम यांतली उंचीही तोच खाऊन टाकतो. शिवाय दर वेळी उतरविण्याचढविण्यात साठीच्या माणसाची कंबर धरते, ती गोष्ट निराळी. टेबल सहा इंच रुंद असेल तर चार इंची, किंवा त्याहून लहान व्हाइस घ्यावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि दुकानात ती कोणी सांगत नाही. व्हाइसचा एक जबडा स्थिर असतो, एक सरकता. मळसूत्र सरकत्या जबड्याला खालून रेटते आणि काम मात्र त्याला वरच्या बाजूस अडविते. त्यामुळे जबडा मागे कलतो, त्याची पुढची बाजू कणभर उचलली जाते, आणि आपल्याबरोबर ती कामालाही उचलते. डोळ्यांना काहीही दिसत नाही. चौकोनी ठोकळा कातून काढला म्हणजे तो एका बाजूस जाड, दुसऱ्या बाजूस पातळ निघतो. गिऱ्हाईक तो परत करते, आणि मिस्त्री बिचारा मशीनला दोष देत बसतो. जुने कारागीर यावर दोन उपाय करीत. आवळल्यावर मऊ हातोडीने काम खाली ठोकून बसवावयाचे. किंवा सरकता जबडा आणि काम यांच्यामध्ये एक गोल सळई धरावयाची, म्हणजे जबडा कलला तरी काम स्थिर जबड्याला सपाट चिकटून राहते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कुर्ट या कारखान्याने प्रसिद्ध केलेल्या रचनेत जबड्याच्या पोटात एक तिरपा पृष्ठभाग असतो. मळसूत्र जसे पुढे रेटते तसे त्या तिरपेपणामुळे जबडा खालीही ओढला जातो. पाचरीचेच तत्त्व हे. आज या धाटणीचे व्हाइस अनेक देशांत बनतात आणि लहान आकारातही मिळतात. परवडत असेल तर हाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

न परवडल्यास मळसूत्राचे लांब हँडल नसलेला, खालून तिरप्या बोल्टाने आवळायचा ठेंगणा पोलादी व्हाइस पाहावा. तो हत्यारे घडविणाऱ्यांसाठी निघाला. त्याचे तोंड उघडण्यास वेळ लागतो आणि घाईच्या माणसाला तो चिडवितो. पण बोल्ट तिरपा असल्यामुळे तोही जबड्याला खाली ओढतो, उंची कमी खातो, आणि लहान मशीनवर फार इमानाने वागतो. ड्रिलिंग मशीनवरचा स्वस्त व्हाइस मात्र मिलिंगला लावू नये. त्याचा जबडा ढिला असतो. वरून दाबणाऱ्या ड्रिलला ते खपते, आडवे ठोके देणाऱ्या कटरला खपत नाही.

खाली फिरत्या बैठकीचा व्हाइस दुकानदार आग्रहाने दाखवील. अंशांच्या खुणा पाहून मन भुलते. वर्षातून दोनदा तिरपे काम निघते आणि उरलेले सर्व दिवस ती बैठक उंची वाढविते, थरथर वाढविते. सुटी होत असेल तर ती काढून फळीवर ठेवावी.

पारख करताना डायल गेज बरोबर न्यावा. दुकानदार हसला तर हसू द्यावे. व्हाइस सपाट टेबलावर ठेवून त्याच्या तळपट्ट्यांवरून गेज फिरवावा. पाव मीटरही नसलेल्या त्या लांबीत काटा दोन शतांश मिलिमीटरहून अधिक हलू लागला तर दुसरा नग मागावा. स्थिर जबड्याला गुण्या लावून उजेडाकडे पाहावे. मग दोन सारख्या उंचीच्या पट्ट्या जबड्यांत ठेवून, प्रत्येकीच्या टोकाखाली पतंगाच्या कागदाचा एकेक तुकडा सरकवावा, वर एक चांगला घासलेला ठोकळा ठेवून व्हाइस आवळावा, आणि कागद ओढून पाहावे. चारही तुकडे घट्ट धरलेले असतील तर जबडा उचलत नाही. सरकत्या जबड्याकडचे दोन सैल झाले, तर कंपनीने पुस्तकात काहीही छापलेले असो, आपल्याला उत्तर मिळाले.

महाराष्ट्रात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, भिलाईच्या कारखान्यात १७ सप्टेंबरला विश्वकर्म्याची. व्हाइसला वर्षातून दोन वेळा हळदकुंकू मिळाले तरी हरकत नाही. पण त्याच्या हँडलला पाइप लावून आवळणे आधी सोडावे. बीड ताणाला सोशिक नसते. वाकून सूचना देण्याचा पोलादाचा गुण त्यात नाही. ते एकदम तडकते.

जुना व्हाइस भंगार बाजारात वजनावर मिळतो, आणि मोडलेल्या कारखान्यांतून आलेले काही नग नव्यापेक्षा सरस असतात. गंज पाहून मागे फिरू नये. गंज वरवरचा असतो. जबड्यांच्या पट्ट्या बदलता येतात, झिजलेले मळसूत्र नवे करून घेता येते, तळावर कटरने पाडलेले खड्डे ग्राइंडरवर घासून काढता येतात. तळाखाली टेबलाच्या खाचेत बसणाऱ्या किल्ल्यांसाठी खोबणी आहे ना, तेवढे पालथा करून पाहावे. मात्र स्थिर जबड्याच्या बुडाशी, कोपऱ्यात, नखाने चाचपताना बारीक तडा लागला, किंवा वेल्डिंग करून वरून रंग फासलेला दिसला, तर तो व्हाइस फुकट देऊ केला तरी तेथेच ठेवून यावे.