बातम्या सुरू असताना बीबीसीच्या इमारतीतच बॉम्ब फुटला, तरी बातम्या थांबल्या नाहीत

तारीख १५ ऑक्टोबर १९४०, वार मंगळवार. रात्रीचे नऊ वाजले आणि ब्रिटनमधल्या घराघरांत रेडिओचा आवाज वाढवला गेला. बीबीसीच्या नऊच्या बातम्या म्हणजे तेव्हाचं सगळ्यात जास्त ऐकलं जाणारं बातमीपत्र. त्या रात्री वाचायला होते ब्रूस बेलफ्रेज. मूळचा नाटकातला माणूस, आवाज खणखणीत.

दोन मिनिटंही झाली नसतील, तेवढ्यात रेडिओवर दबका 'धप्प' असा आवाज आला. बेलफ्रेज क्षणभर थांबले. शेजारून कुणीतरी हळूच "ठीक आहे" म्हटल्याचं ऐकू आलं. पुढच्या सेकंदाला बातम्या सुरू.

ऐकणाऱ्यांना वाटलं, स्टुडिओत काहीतरी पडलं असेल. खरं तर ज्या इमारतीतून बातम्या येत होत्या, त्याच इमारतीच्या पाचव्या मजल्यावर बॉम्ब फुटला होता आणि बीबीसीचे सात कर्मचारी मारले गेले होते.

तर झालं असं होतं. ७ सप्टेंबरपासून जर्मन विमानं रोज रात्री लंडनवर बॉम्ब टाकत होती. यालाच 'ब्लिट्झ' म्हणतात. त्या रात्री पौर्णिमेचं चांदणं होतं, म्हणजे वरून शहर स्वच्छ दिसणार. सुमारे ४०० विमानं आली. त्यातल्या एकाने टाकलेला साधारण २२५ किलोचा बॉम्ब पोर्टलंड प्लेसमधल्या ब्रॉडकास्टिंग हाऊसच्या सातव्या मजल्याच्या खिडकीतून आत घुसला आणि खाली पाचव्या मजल्यावरच्या संगीत लायब्ररीत येऊन पडला. पण फुटला नाही. तो उशिरा फुटणारा बॉम्ब होता. त्याला हलवण्याची खटपट सुरू असतानाच, नऊ वाजून दोन मिनिटांनी त्याचा स्फोट झाला.

बेलफ्रेज तळघरातल्या स्टुडिओत होते. छताचा चुना आणि धूळ अंगावर, कागदावर पडली. त्यांनी कागदावरची धूळ फुंकरीने उडवली आणि पुढची ओळ वाचली.

हा किस्सा 'ब्रिटिश माणसाचा थंडपणा' म्हणून नेहमी सांगितला जातो. पण तेवढंच म्हटलं तर अर्धी गोष्ट राहून जाते. बेलफ्रेज यांनी काय झालं ते सांगितलं नाही, कारण तसं सांगायची परवानगीच नव्हती. रेडिओ जर्मनीतही ऐकू जायचा. आपला बॉम्ब नेमका बीबीसीवर पडलाय हे शत्रूला बीबीसीनेच फुकटात कळवायचं? म्हणून बॉम्ब कुठल्या रस्त्यावर पडला, कुठल्या इमारतीवर पडला हे लगेच सांगायचं नाही, असा नियम होता. इतकंच काय, युद्ध सुरू झाल्यापासून हवामानाचा अंदाजही बंद होता. उद्या आकाश निरभ्र आहे हे बॉम्बर विमानांच्या वैमानिकांना कळलं तर त्यांचंच काम सोपं होणार.

सेन्सॉर फक्त शब्दांपुरता नव्हता. रेडिओच्या लहरी पकडून विमानं दिशा ठरवू शकतात. ठरलेल्या जागेवरचा ट्रान्समीटर एकाच फ्रिक्वेन्सीवर चालू असेल तर तो शत्रूसाठी दीपस्तंभच. म्हणून १ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी, बीबीसीने वेगवेगळी प्रादेशिक केंद्रं बंद करून सगळ्यांसाठी एकच 'होम सर्व्हिस' सुरू केली. अनेक ट्रान्समीटर एकाच फ्रिक्वेन्सीवर तोच कार्यक्रम पाठवायचे, त्यामुळे विमानाला नेमकी दिशा सापडत नसे. विमानं जवळ आली की तिथला ट्रान्समीटर बंद करायचा. मग त्या भागातल्या लोकांना लांबच्या ट्रान्समीटरवरून बारीक, खरखरता आवाज यायचा. रेडिओ खरखरला की काहीजण ओळखायचे, पाहुणे येतायत. टीव्ही तर त्याच १ सप्टेंबरला बंद झाला, तो थेट १९४६ मध्ये परत आला.

आज निवेदकाने आपलं नाव सांगणं आपल्याला साधं वाटतं. बीबीसीत ती पद्धत नव्हती, निवेदक निनावी असायचा. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य कधीही ब्रिटनमध्ये उतरेल अशी भीती होती. उतरलेच आणि रेडिओ केंद्र ताब्यात घेऊन खोट्या बातम्या दिल्या तर? म्हणून वाचणाऱ्याने नाव सांगायचं ठरलं. लोकांना नाव आणि आवाज यांची जोडी पाठ झाली की तोतया लगेच पकडला जाईल, असा हिशोब. भीती अगदीच हवेतली नव्हती. जर्मनीहून इंग्रजीत बोलणारा विल्यम जॉइस, म्हणजेच 'लॉर्ड हॉ-हॉ', ब्रिटनमध्येही भरपूर ऐकला जायचा.

त्या काळात रेडिओचा दिवस कसा असायचा? सकाळी बातम्यांनंतर सव्वाआठला 'द किचन फ्रंट', म्हणजे रेशनच्या मोजक्या सामानात काय रांधता येईल याच्या टिप्स. कारखान्यांत मोठ्या स्पीकरवर दिवसातून दोनदा 'म्युझिक व्हाइल यू वर्क'. कामाचा वेग वाढावा म्हणून ठेक्याची गाणी, पण अती ठेका नको. पुढे टेक्सासवरचं एक गाणं या कार्यक्रमातून काढून टाकलं गेलं, कारण टाळ्यांच्या जागी कामगार हातातली हत्यारं यंत्रांवर आपटायला लागले होते. संध्याकाळी मुलांसाठी 'चिल्ड्रन्स अवर'. या स्फोटाच्या दोनच दिवस आधी, १३ ऑक्टोबरला, याच कार्यक्रमात १४ वर्षांची राजकन्या एलिझाबेथ पहिल्यांदा रेडिओवर बोलली होती. घरापासून लांब पाठवलेल्या मुलांसाठी तिचा तो निरोप होता.

आणि मग रात्री नऊच्या बातम्या.

त्या बातम्या पूर्ण खऱ्या असायच्या का? नाही. बरोबर एक महिना आधी, १५ सप्टेंबरच्या हवाई लढाईत १८५ जर्मन विमानं पाडल्याचं सांगितलं गेलं होतं. युद्धानंतर जर्मन कागदपत्रं पाहिली तर खरा आकडा ६० च्या आसपास निघाला. बीबीसीने आकडा स्वतः रचला नव्हता, हवाई मंत्रालयाने दिला तो वाचला. वैमानिकांनीही एकच विमान दोघा-तिघांच्या नावावर मोजलेलं असायचं. तरीही लोकांचा बीबीसीवर विश्वास टिकला, याचं एक कारण म्हणजे नॉर्वे, फ्रान्समधले पराभव रेडिओवरून सांगितले गेले होते. पराभव सांगणाऱ्याच्या विजयावर लोक विश्वास ठेवतात.

ब्रॉडकास्टिंग हाऊसवर संकट एकदाच आलं नाही. ८ डिसेंबर १९४० च्या रात्री पॅराशूटने सोडलेला मोठा सुरुंग इमारतीबाहेर रस्त्यावर फुटला. आग लागली, आग विझवायच्या पाण्याने खालचे मजले भरले. युरोपसाठीचं प्रसारण तिथून हलवावं लागलं आणि १९४१ मध्ये ते बुश हाऊसमध्ये गेलं. इमारतीतला कॉन्सर्ट हॉल तर आधीपासूनच झोपायची खोली झाला होता. जमिनीवर गाद्या, मध्ये पडदा, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका.

याच युद्धकाळातल्या बीबीसीत मराठी आवाजही होता. भारतासाठी हिंदुस्तानी सेवा ११ मे १९४० ला सुरू झाली होती, मराठी प्रसारण १९४२ मध्ये आलं. कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या वेणू चितळे तेव्हा बीबीसीच्या पूर्वेकडच्या सेवेत काम करत होत्या. तिथे त्यांचे सहकारी होते जॉर्ज ऑरवेल. ऑरवेल युद्धाच्या साप्ताहिक आढाव्याचा इंग्रजी मजकूर लिहायचे, त्याची भाषांतरं मराठी, गुजरातीसह भारतीय भाषांत प्रसारित व्हायची. चितळे यांनी पुढे 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी लिहिली, ती १९५० मध्ये आली.

बेलफ्रेज यांच्या त्या बातमीपत्राचं रेकॉर्डिंग आजही ऐकायला मिळतं. तो 'धप्प' आवाज, छोटासा थांबा आणि पुढची बातमी, सगळं त्यात आहे. सात जणांचा उल्लेख मात्र त्यात कुठेच नाही.