फुले, निळू

फुले, निळू : (१९३०–१३ जुलै २००९). मराठी लोकनाट्य, रंगभूमी व चित्रपट या क्षेत्रांतील अभिनेते. खलभूमिकांसाठी विशेष प्रसिद्ध. संपूर्ण नाव नीळकंठ कृष्णाजी फुले. जन्म पुणे येथे. जन्मवर्ष काही ठिकाणी १९३१ असेही दिलेले आढळते. तरुणपणी त्यांनी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी म्हणून नोकरी केली. पगार महिना ऐंशी रुपये होता आणि त्यांतले दहा रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत, असे त्यांच्या बहुतेक परिचयलेखांत नमूद आहे. स्वतःची रोपवाटिका काढण्याचा त्यांचा विचार पैशाअभावी मागे पडला.

लोकनाट्य : फुले यांच्या अभिनयाची घडण सेवा दलाच्या कलापथकात झाली. त्यांची नोंद सामान्यतः चित्रपटांपासून सुरू करण्याचा प्रघात आहे; परंतु पडद्यावरचा त्यांचा खलनायक समजून घ्यायचा, तर सुरुवात वगापासूनच करावी लागते. पारंपरिक तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो. सेवा दलाने हा साचा बराचसा तसाच ठेवला. शृंगाराचा भाग कमी करून त्या जागी जातिभेद, अंधश्रद्धा, निवडणुका आणि पुढारी हे विषय आणले. रंगमंच म्हणजे बहुधा एखाद्या गावातले देवळापुढचे पटांगण किंवा शाळेचा ओटा. प्रेक्षक जमिनीवर, उजेड बत्तीचा आणि ध्वनिवर्धक असलाच तर एक. अशा ठिकाणी नटाला दोन गोष्टी शिकाव्याच लागतात. एक म्हणजे वाक्य टाकून थांबणे आणि हशा पूर्ण होईपर्यंत थांबलेलेच राहणे. दुसरी म्हणजे समोरच्या पात्राशी बोलताना प्रेक्षकांतल्या एखाद्या माणसाकडे, शक्यतो पहिल्या रांगेतल्या मानकऱ्याकडे, पाहून बोलणे. गावच्या सरपंचाला टोमणा मारायचा आणि तो आपल्याला लागलाच नाही अशा थाटात सरपंचाने हसायचे, हा या प्रयोगांतला नेहमीचा खेळ होता. फुले यांच्या चित्रपटांत संवाद एकाशी आणि नजर दुसरीकडे ही जी लकब वारंवार दिसते, तिचे मूळ येथे आहे.

१९५७ च्या निवडणूक प्रचारासाठी त्यांनी स्वतः येरा गबाळ्याचे काम नोहे हा वग लिहिला. पु. ल. देशपांडे यांच्या पुढारी पाहिजे या लोकनाट्यातील रोंग्याच्या भूमिकेमुळे त्यांचे नाव कलापथकाबाहेर पोहोचले. पुढे शंकर पाटील यांचे कथा अकलेच्या कांद्याची हे लोकनाट्य व्यावसायिक रंगमंचावर आले. त्यात राम नगरकर त्यांच्यासोबत होते आणि या लोकनाट्याचे प्रयोग राज्यभर झाले. त्याच काळात सेवा दलाच्याच पठडीतले दादा कोंडके हे वसंत सबनीस यांच्या विच्छा माझी पुरी करा या लोकनाट्यातून पुढे आले. एकाच मांडवातून निघालेल्या या दोन नटांपैकी एक मराठी चित्रपटाचा सर्वांत लोकप्रिय सोंगाड्या झाला आणि दुसरा सर्वांत लोकप्रिय खलनायक. या गोष्टीकडे चित्रपटाच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत नोंदलेखकाच्या मते फुले यांचा खलनायक हाही सोंगाड्याच आहे. हजरजबाबीपणा, तिरकस बोलणे, समोरच्याला बोलता बोलता उघडे पाडण्याचे कसब ही सोंगाड्याची सगळी हत्यारे त्याच्याकडे आहेत. तमाशातला सोंगाड्या ती राजावर चालवतो, हा रयतेवर चालवतो.

चित्रपट : अनंत माने दिग्दर्शित एक गाव बारा भानगडी (१९६८) हा त्यांचा पहिला चित्रपट. कथा शंकर पाटील यांची. त्यातील झेलेअण्णा हा गावातल्या भानगडींत मुरलेला माणूस त्यांनी इतका सहज उभा केला, की ग्रामीण चित्रपटांत त्यांच्यासाठी जागा कायमची राखीव झाली. सोंगाड्या (१९७१), पिंजरा (१९७२), हात लावीन तिथं सोनं (१९७३), चोरीचा मामला (१९७६), शापित (१९८२) हे त्यांचे आणखी काही उल्लेखनीय चित्रपट. एकूण संख्येबाबत निरनिराळे आकडे दिले जातात. मराठी चित्रपटच शंभराच्या पुढे जातात.

या भूमिकांना एक सामाजिक पार्श्वभूमी आहे. तत्पूर्वीच्या तमाशापटांतला दुष्ट माणूस हा वतनदार पाटील किंवा इनामदार असे. त्याची सत्ता वंशाची, वाडा वडिलोपार्जित आणि हातात चाबूक. १९६० साली राज्य स्थापन झाले, १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि सहकारी साखर कारखान्यांचे जाळे पसरत गेले. वाड्यातली सत्ता निवडणुकीच्या मार्गाने कचेरीत आली. सरपंच, सोसायटीचा चेअरमन, कारखान्याचा संचालक, आमदार अशी नवी पात्रे गावोगाव दिसू लागली आणि चित्रपटाला त्यांच्यासाठी चेहरा हवा होता. फुले यांचा चेहरा व शरीरयष्टी यांत दहशत बसावी असे काही नव्हते. अंगाने बेताचे, आवाज घोगरा आणि ओढलेला. त्यामुळे त्यांचा पुढारी हात न उगारता भीती घालतो. धोतराचा सोगा हातात, टोपी किंचित तिरकी, बोलणे लडिवाळ. आवाज चढण्याऐवजी खाली येतो आणि समोरचा माणूस ऐकण्यासाठी पुढे झुकतो. तो झुकला की अर्धे काम झालेले असते.

सामना (१९७५) : दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर, निर्माते रामदास फुटाणे. फुले यांची हिंदुराव धोंडे पाटील ही भूमिका त्यांची सर्वश्रेष्ठ चित्रपट-भूमिका मानली जाते. साखर कारखान्याभोवती साम्राज्य उभे केलेल्या हिंदुरावाच्या गावी एक दारूडा, विझलेला गांधीवादी मास्तर (श्रीराम लागू) येऊन पडतो. हिंदुराव त्याला उचलून घरी नेतो, खाऊपिऊ घालतो, आपले वैभव दाखवतो. पाहुण्याला मात्र मारुती कांबळे नावाच्या बेपत्ता माणसाचा माग लागतो आणि तो त्याच्याविषयी विचारू लागतो. चित्रपटाचा बराच भाग हा दोन माणसांतला सामना आहे आणि तो बव्हंशी बसून, पीत आणि बोलत होतो. हिंदुरावाचा पाहुणचार खरा आहे. मास्तरविषयीचे त्याचे कुतूहलही खरे आहे. प्रश्न पुन्हा आला, की फुले यांचा चेहरा बदलत नाही; यजमानपणातली ऊब तेवढी हळूहळू कमी होत जाते. लागूंचा अभिनय प्रमाण मराठी रंगभूमीच्या शिस्तीतला आणि फुले यांचा वगाच्या. दोन्ही शैली एका चौकटीत इतका वेळ समोरासमोर क्वचितच आल्या असतील. बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात १९७५ साली हा चित्रपट दाखवला गेला. हात लावीन तिथं सोनं, सामना व चोरीचा मामला यांतील अभिनयासाठी फुले यांना महाराष्ट्र शासनाचे पुरस्कार मिळाले.

सिंहासन (१९७९) : अरुण साधू यांच्या मुंबई दिनांक व सिंहासन या कादंबऱ्यांवर आधारित, पटकथा तेंडुलकर यांची व दिग्दर्शन पटेल यांचे. मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक) आणि अर्थमंत्री विश्वासराव (लागू) यांच्यातल्या सत्तासंघर्षाचा साक्षीदार असलेला दिगू टिपणीस हा पत्रकार फुले यांनी साकारला. एव्हाना ज्यांच्याकडे पाहताच प्रेक्षकांना पुढारी दिसे, त्या नटाला पुढाऱ्यांकडे पाहत राहणाऱ्याची भूमिका देणे हा निवडीतला मोठा धाडसी भाग होता. दिगू फारसे काही करत नाही. खांद्याला झोळी अडकवून तो सचिवालयात, बंगल्यांवर, पार्ट्यांत हिंडतो आणि ऐकतो. शेवटी सगळी उलथापालथ होऊन सत्ता होती तिथेच राहिल्यावर तो भर रस्त्यात हसत सुटतो. हा विकट हास्याचा प्रसंग मराठी चित्रपटातील अतिशय गाजलेल्या शेवटांपैकी एक आहे.

रंगभूमी : तेंडुलकरांच्या सखाराम बाइंडर (१९७२) या नाटकात फुले यांनी शीर्षकभूमिका केली. दिग्दर्शक कमलाकर सारंग. चंपाच्या भूमिकेत लालन सारंग. टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा, शिवराळ, मृदंग वाजवणारा आणि आपल्या वागण्याची कसलीही लपवाछपवी न करणारा हा पुस्तकबांधणी कामगार. तो मध्यमवर्गीय प्रेक्षकांना पचला नाही. परिनिरीक्षण मंडळाने प्रयोग रोखले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. या साऱ्या प्रकरणाची हकिगत सारंग यांनी बाइंडरचे दिवस या पुस्तकात तपशिलाने लिहिली आहे. वादाच्या धुरळ्यात भूमिकेची चर्चा मात्र मागे पडली. सखाराम हा ढोबळ अर्थाने खलपुरुष आहे. परंतु तो ढोंगी नाही आणि फुले यांच्या चित्रपटांतल्या पुढाऱ्याचा तर ढोंग हाच प्राण. एकाच नटाने एकाच दशकात ही दोन्ही टोके सांभाळली.

जयवंत दळवी यांच्या सूर्यास्त या नाटकात त्यांनी अप्पाजी या वृद्ध गांधीवाद्याची भूमिका केली. अप्पाजींचा मुलगा मुख्यमंत्री आहे आणि लढाई त्याच्याशीच आहे. सामनातील हिंदुराव येथे जणू उठून मास्तरच्या खुर्चीत बसला आहे. याखेरीज जंगली कबूतर, बेबी, राजकारण गेलं चुलीत ही नाटके व लोकनाट्ये.

हिंदी चित्रपट : कुली (१९८३), मशाल (१९८४), सारांश (१९८४, गजानन चित्रे), प्रेम प्रतिज्ञा (१९८९) इत्यादी.

लोकप्रतिमा : ग्रामीण भागात फुले यांच्या भूमिका खऱ्या मानल्या जात. बायका त्यांना पाहून पदर सावरत, बोटे मोडत, अशा आठवणी अनेकांनी सांगितल्या आहेत. बाईंना वाड्यावर बोलावण्याचे एक वाक्य नकलाकारांनी त्यांच्या नावावर इतके रूढ केले आहे, की आज अनेकांना फुले म्हटले की तेवढेच आठवते. ते मूळ कोणत्या चित्रपटातले याविषयी मतभेद असून, ते नकलांतूनच घडले असावे असे एक मत आहे. काही असो, नकलांतला फुले मोठ्याने आणि लंपटपणे बोलतो. चित्रपटांतला बहुतेक वेळा हळू बोलतो.

सामाजिक कार्य : सेवा दलाशी त्यांचे नाते आयुष्यभर टिकले. बाबा आढाव यांच्या एक गाव एक पाणवठा या चळवळीत आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते सहभागी होते. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देता यावे यासाठी उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीकरिता लागू, तनुजा, सदाशिव अमरापूरकर आदी कलावंतांनी आचार्य अत्रे यांच्या लग्नाची बेडी या नाटकाचे दौरे केले, त्यांत फुलेही होते. या दौऱ्यांचा उल्लेख त्यांच्या चित्रपटविषयक नोंदींत अभावानेच येतो.

सन्मान : संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९९१).

कन्या गार्गी फुले-थत्ते या अभिनेत्री.

अन्ननलिकेच्या कर्करोगाने पुणे येथे त्यांचे निधन झाले. शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरील गोष्ट छोटी डोंगराएवढी (२००९) हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक.