जे एकमेकांना विचारले नाही

हिंदुस्थानी संगीताबद्दल मराठीत विपुल लिहिले गेले आहे. गवयांची चरित्रे, मैफलींच्या आठवणी, घराण्यांची चिकित्सा, रागांची चर्चा. दिवाळी अंकांनीही यात बरीच भर घातली. हे सारे गेली काही वर्षे पुन्हा एका ओळीने वाचत असताना एक गोष्ट मला सारखी खटकत राहिली. दोन तोलामोलाचे गवई समोरासमोर बसले आहेत आणि एक दुसऱ्याला विचारतो आहे, “ही जागा तुम्ही कशी घेता?” असा प्रसंग या हजारो पानांत जवळजवळ भेटतच नाही. चढाओढी भेटतात, मनमोकळी दाद भेटते, रुसवेफुगवे तर पानोपानी आहेत. बरोबरीच्या दोघांनी आपल्या कारागिरीविषयी केलेले बोलणे तेवढे नाही.

सूर शब्दांत सांगता येत नाही, असे याचे उत्तर आपण सवयीने देतो. मला ते पटत नाही. लगाव, फेक, बढत, उपज, बेहलावा, फिरत, पेच, ठहराव हे शब्द काही समीक्षकांनी बसून बनवलेले नाहीत. ते तालमीच्या खोलीतून आले आहेत. ज्यांच्यापाशी इतके नेमके शब्द होते त्यांना बोलता येत नव्हते असे कसे म्हणावे? बोलणे होतेच. फक्त ते कोणाशी करायचे हे ठरून गेलेले होते.

दुसरे उत्तर लपवाछपवीचे. त्याला आधार आहे. ग्वाल्हेरच्या दरबारात बडे महंमदखाँचे गाणे हद्दू-हस्सूखाँनी पडद्याआड बसून ऐकले आणि उचलले, ही कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिचा तपशील कितपत खरा हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी गाणे चोरता येते आणि म्हणून राखावे लागते ही समजूत तिच्यात स्वच्छ दिसते. तबल्याच्या परंपरेत तर मुलीच्या लग्नात जावयाला गती आंदण दिल्याच्या गोष्टी आहेत. लखनौच्या घराण्यातून फरूखाबादकडे अशा गती गेल्या, असे तबलजी आजही सांगतात. जी वस्तू हुंड्यात देता येते ती इस्टेट असते. आणि इस्टेटीच्या चाव्या कोणी शेजाऱ्याच्या हाती देत नाही.

पण नुसत्या कंजुषीने सगळे उलगडत नाही. हेच खाँसाहेब मर्जीतल्या शिष्याला रात्र रात्र शिकवत होते. देण्याचा मार्ग होता. तो एकच होता, एवढेच. तिथे प्रश्न विचारणे म्हणजे तालीम मागणे, आणि तालीम मागणे म्हणजे समोरच्याला गुरू मानणे. मधली वाटच नव्हती. भास्करबुवा बखले (1869–1922) यांचे उदाहरण घ्या. बडोद्याचे फैजमहंमदखाँ, आग्रा घराण्याचे नथ्थनखाँ आणि पुढे अल्लादियाखाँ अशा तिघांकडे ते शिकले. अल्लादियाखाँकडे गेले तेव्हा ते स्वतः नामवंत गवई होते. त्यांना खाँसाहेबांची गायकी जाणून घ्यायची होती. चार संध्याकाळी गप्पा मारून ते होण्यासारखे नव्हते. त्यासाठी पुन्हा एकदा शागीर्द व्हावे लागले. बुवांच्या नम्रतेचे कौतुक सगळे करतात, तेही करावेच. पण त्या नम्रतेवाचून त्यांच्यापुढे दुसरा दरवाजाच नव्हता, हे कोणी बोलत नाही.

मग ज्याला शागीर्द व्हायचे नाही त्याने काय करावे? गप्प बसावे आणि ऐकावे. उस्तादांचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावणाऱ्या या जगात कान हेच विचारण्याचे साधन होते. मैफलीत पहिल्या रांगेत बसलेला गवई समेवर मान हलवी, एखाद्या जागेला “क्या बात है” म्हणे, आणि गाणाऱ्याला कळे की नेमके काय पकडले गेले.

शिवाय आपल्या संगीताची बांधणीच अशी की आधी बोलून घेण्याची गरज फारशी पडत नाही. पाश्चात्त्य चौकडीतले चार वादक एकेका ओळीसाठी तासन्‌तास वाद घालतात, कारण चौघांना मिळून एकच लिहिलेली रचना उभी करायची असते. आमच्याकडे गायक आणि तबलजी कधीकधी मंचावरच प्रथम भेटतात. गायक “विलंबित एकताल” एवढे म्हणतो, हाताने लय दाखवतो, की काम सुरू. ठेका, सम, आवर्तन हा करार दोघांच्याही जन्माआधी झालेला असतो. (ग्रीनरूममध्ये कलावंत मुके असतात असे मात्र कोणी समजू नये. तंबोऱ्याची जवारी, मिरजेचा कारागीर, तबल्याची शाई, तारांचा दर्जा यांवर तिथे तावातावाने चाललेली चर्चा मी ऐकली आहे. वाद्य तिसऱ्याने बनवलेले असते. त्यावर बोलायला गंडा बांधावा लागत नाही.)

आता खरी गंमत पाहा. एकमेकांशी न बोललेले हे लोक बाहेरच्यांशी मात्र बोलले. विष्णु नारायण भातखंडे शिक्षणाने वकील. ते गावोगाव फिरले, उस्तादांना प्रश्न विचारले, वाद घातले, शेकडो बंदिशी मिळवल्या. सगळेच राजीखुशीने बोलले नाहीत. पण हा माणूस उद्या आपली मैफल मारून नेणार नाही, ही खात्री उपयोगी पडली असणार. 1916 साली बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीत कलावंत आणि पंडित एकत्र आले, तेही भातखंड्यांच्याच खटपटीने. त्यांचा ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ हा मराठी ग्रंथ 1910 ते 1932 या काळात चार भागांत निघाला. तो आहे गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. शिष्य निःशंकपणे शंका काढतो आणि गुरू न चिडता उत्तरे देतो! संगीतावरचे आपल्या भाषेतले एवढे दीर्घ संभाषण काल्पनिक असावे, याला काय म्हणावे?

पुढचीही नावे याच जातीची. गोविंदराव टेंबे पेटीवादक आणि संगीतकार. भास्करबुवा आणि अल्लादियाखाँ यांना त्यांनी जवळून पाहिले, आणि पेटीवाला हा गवयाचा प्रतिस्पर्धी नव्हे. ‘घरंदाज गायकी’ (1961) लिहिणारे वामनराव देशपांडे व्यवसायाने हिशेबतपासनीस. ते मोगूबाईंकडे शिकले, पण पोटासाठी गायले नाहीत. म्हणजे घराण्यांविषयी आज आपण जी भाषा सहज वापरतो ती मोठ्या प्रमाणात अशा मधल्या माणसांनी घडवली आहे. ती फार मोलाची आहे. पण गवयाने बाहेरच्याला समजेल असे सांगितले, आणि त्याने वाचकाला समजेल असे लिहिले, अशी ती दोनदा गाळून आलेली आहे.

आतल्या माणसांनी लिहिले नाही असे नाही. आग्रा घराण्याचे विलायत हुसेनखाँ यांचे ‘संगीतज्ञों के संस्मरण’ 1959 साली निघाले. अल्लादियाखाँनी आपला जीवनवृत्तांत नातवाला सांगितला. दोन्हींत माणसे, प्रवास, दरबार, मैफली यांची रेलचेल आहे. गायकीची घडण शोधू गेले तर मात्र हाती थोडेच लागते.

कोंडी फोडण्याचा एक मनापासूनचा प्रयत्न मुंबईत झाला. बी. आर. देवधर हे विष्णु दिगंबरांचे शिष्य. ऑपेरा हाउसजवळच्या त्यांच्या शाळेत निरनिराळ्या घराण्यांचे गवई येत. देवधर मास्तर त्यांना विचारत, त्यांच्याकडून घेत आणि ‘संगीत कला विहार’ मासिकात लिहीत. सिंदेखाँसारख्या फकिरी वृत्तीच्या गवयाकडूनही त्यांनी चिजा मिळवल्या. कुमार गंधर्व लहानपणी आले ते याच वातावरणात. कुमारांनी 1965 साली ‘अनूपरागविलास’मध्ये स्वतःच्या बंदिशी स्वरलिपीसह छापून टाकल्या. ज्याच्या पूर्वीच्या पिढ्यांनी चिजा कुलुपात ठेवल्या त्या क्षेत्रात ही केवढी मोठी गोष्ट! तिची मुळे मला देवधरांच्या शाळेत दिसतात.

या मौनाची किंमत मोजायची तर जयपूर-अत्रौलीकडे पाहावे. अल्लादियाखाँचे गाणे ध्वनिमुद्रित झाले नाही. भास्करबुवांचेही नाही. उरल्या शिष्यांच्या तबकड्या आणि फिती. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, दोघी गोव्याच्या, दोघी मुंबईत राहिलेल्या, गुरू एकच. मोगूबाईंची तालीम मधेच तुटली, काही काळ त्या खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे शिकल्या, मग पुन्हा खाँसाहेबांकडे आल्या. दोघींना तालीम वेगवेगळी मिळाली, आणि खाँसाहेबांनी कोणाला काय आणि का दिले याचा ताळा दोघींच्या बोलण्यातूनच जुळू शकला असता. आज दोघींचे गाणे लागोपाठ ऐकावे. केसरबाईंचा भरदार, रुंद आकार आणि न तुटणारा दमसास; मोगूबाईंची मात्रेमात्रेला बांधलेली, लयीशी गुंतलेली बोलांग. यातले खाँसाहेबांचे किती आणि जिचे तिचे किती, हे त्या दोघी एका दुपारी चहा घेता घेता सांगू शकल्या असत्या.