जावा, साकाई आणि भाच्याचा प्रश्न

परवा नाशिकहून भाच्याचा फोन आला. दोन मित्रांना घेऊन तो कोचिंग क्लाससाठी वेबवर चालणारं सॉफ्टवेअर बनवतोय. हजेरी, गृहपाठ, मार्क, पालकांना निरोप, सगळं एकाच पानावर. "मामा, सर्व्हरला काय घेऊ? जावा, पीएचपी की नोड? तिकडे काय चालतं?"

मला हसू आलं. हाच प्रश्न, अशाच सॉफ्टवेअरसाठी, वीसेक वर्षांपूर्वी माझ्या घरापासून दोन मैलांवर सोडवला जात होता, आणि त्या उत्तराचा चटका मलाही बसला होता.

मंडळी, आधी थोडं सोपं करून सांगतो. वेबसाइट हे हॉटेल मानलं तर ब्राउझर म्हणजे तुमचं टेबल आणि सर्व्हर म्हणजे आतला मुदपाकखाना. सर्व्हरचा प्लॅटफॉर्म निवडायचा म्हणजे तिथे चूल कोणती मांडायची ते ठरवायचं. एकदा मांडली की ती सहज हलत नाही.

इथल्या मिशिगन विद्यापीठात वर्गांसाठी 'कोर्सटूल्स' नावाची व्यवस्था होती, लोटस नोट्सवर उभी. ती अपुरी पडू लागली तेव्हा, २००२ च्या सुमारास, अपाचेची जेटस्पीड वगैरे जावातली मोफत साधनं घेऊन नवी व्यवस्था बांधली गेली. तिच्या लांबलचक नावाचं लघुरूप झालं 'शेफ', म्हणजे आचारी! मग २००४ मध्ये मिशिगन, इंडियाना, एमआयटी आणि स्टॅनफर्ड यांनी एकत्र येऊन एकच मोफत व्यवस्था करायचं ठरवलं. मेलन फाउंडेशनने २४ लाख डॉलर दिले. 'आयर्न शेफ' या जपानी टीव्ही कार्यक्रमातल्या हिरोयुकी साकाई या बल्लवाचार्याच्या नावावरून प्रकल्पाचं बारसं झालं, 'साकाई'.

चूल जावाचीच राहिली, आणि त्याला कारणं होती. चार विद्यापीठं, प्रत्येकाची यंत्रं वेगळी, कुठे ऑरॅकल तर कुठे मायएसक्यूएल. जावा सगळीकडे चालते, टॉमकॅट फुकट मिळतो, आणि हजारो विद्यार्थ्यांचा भार पेलायचा होता. निर्णय शहाण्यांचाच होता.

पण काळाने गंमत केली. एप्रिल २००४ मध्ये जीमेल आलं, फेब्रुवारी २००५ मध्ये 'एजॅक्स' हे नाव रूढ झालं, आणि बरंचसं काम टेबलावरच, ब्राउझरमध्ये होऊ लागलं. साकाईत घेतलेलं जेएसएफ तंत्र मात्र जवळजवळ प्रत्येक क्लिक आत पाठवायचं. तुम्ही कुठवर आलात हे सर्व्हर लक्षात ठेवायचा, त्यामुळे ब्राउझरचं 'बॅक' बटण दाबलं की घोटाळा.

त्याच काळात पर्थमध्ये मार्टिन डुगियामासने २००२ साली 'मूडल' काढलं होतं, पीएचपीत. चार जाणते नाकं मुरडायचे. पण पीएचपी कुठल्याही स्वस्त होस्टिंगवर चालायचं, आणि शाळेतला एखादा हौशी मास्तरही ते उघडून दुरुस्त करू शकायचा. मूडल जगभर पसरलं, आपल्या पवईच्या आयआयटीतसुद्धा.

आता माझी गोष्ट. २००५ मध्ये मी इथल्या एका छोट्या कंपनीत होतो. प्रोग्रॅमर तिघं, त्यातल्या दोघांना पीएचपी उत्तम येत होतं. मी मीटिंगमध्ये छाती पुढे काढून म्हणालो, "विद्यापीठातली एवढी हुशार माणसं जावा घेतात, आपणही घेऊ." दीड वर्ष आम्ही कॉन्फिगरेशनच्या फायली लिहीत बसलो. गिऱ्हाईक गेलं, मग प्रॉडक्टही गेलं. दोघांपैकी एकाच्या घरी तेव्हा नुकतं बाळ झालं होतं. त्याची नोकरी गेली ती माझ्या त्या वाक्यापायी, असं मला अजून वाटतं.

दोष जावाचा नव्हता. चार विद्यापीठांपाशी पगारी माणसांची फौज होती, आमच्याकडे तिघं. त्यांची चूल मी आणली, त्यांचे आचारी कुठून आणणार होतो?

असो. पुढे मिशिगन २०१४ मध्ये 'युनिझिन' या गटात सामील झालं आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत 'कॅनव्हास'वर गेलं. ते रुबी ऑन रेल्सवर आहे. म्हणजे ज्या गावात साकाई जन्मला, तिथेच तो राहिला नाही. मात्र तो संपलेला नाही. एपिरिओ फाउंडेशनच्या छत्राखाली त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. आणि साकाईचे मुख्य रचनाकार चार्ल्स सेव्हरन्स? ते पुढे साऱ्या जगाला पायथॉन शिकवू लागले, आणि पीएचपीसुद्धा!

तर भाच्याला मी उलट विचारलं, "तुम्हा तिघांना येतं काय?"

जरा थांबून म्हणाला, "पीएचपी. पण मामा, लोक हसतात."

"हसू देत. रात्री दोनला सर्व्हर बंद पडला तर ते हसणारे उठणार आहेत का? तुम्हीच उठणार. आणि एक कर, मुलांचे मार्क आणि हजेरी उद्या दुसरीकडे नेता येतील अशी ठेव. चूल कधीतरी बदलावीच लागते."

"एवढंच?" तो म्हणाला. त्याला बहुधा एखादं भारी नाव हवं होतं. मलाही तेव्हा तेच हवं होतं.